डोळ्याच्या मापाने आभासी पांडवलेणी: दृश्य उभारण्याची क्रमवार पद्धत

आभासी वास्तवाचे दृश्य तयार करणाऱ्यांची चर्चा बहुतेक वेळा पिक्सेल, त्रिकोणांची संख्या आणि ग्राफिक्स कार्डाची ताकद यांभोवती फिरते. ज्याच्यासाठी हा सगळा खटाटोप चालतो, तो माणसाचा डोळा आणि त्यामागचा मेंदू मात्र या हिशेबात शेवटी येतो. या लेखात क्रम उलटा ठेवला आहे. नाशिकमधील एखादा विद्यार्थी किंवा छोटा गट त्रिरश्मी डोंगरावरील पांडवलेण्यांचे दृश्य हेडसेटसाठी उभारू पाहत असेल, तर प्रत्येक टप्प्यावर डोळा काय पाहू शकतो, काय पाहू शकत नाही आणि कुठे फसतो हे आधी ठरवून मग सॉफ्टवेअरकडे कसे वळावे, ते येथे क्रमाने मांडले आहे. ब्लेंडर आणि युनिटी, अनरियल किंवा गोडो यांपैकी एखादे इंजिन यांची प्राथमिक ओळख वाचकाला आहे, असे गृहीत धरले आहे.

उदाहरण म्हणून पांडवलेणी निवडण्यास कारण आहे. शहराच्या मध्यापासून दक्षिणेला सुमारे ८ किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गालगत असलेल्या या २४ लेण्यांमध्ये भर उन्हातून काळोख्या दालनात जाणे, खडकात कोरलेली बारीक अक्षरे, हाताच्या अंतरावरचे स्तंभ आणि दूरवर पसरलेले शहर हे सगळे एकाच फेरीत भेटते. डोळ्याची जवळजवळ प्रत्येक मर्यादा तपासणारी जागा म्हणून तिच्याइतकी सोयीची दुसरी नाशकात सापडणार नाही.

पहिली पायरी: पडदा अंशांत मोजणे

डोळ्याला पिक्सेल कळत नाहीत, त्याला कोन कळतो. हात पूर्ण लांब करून अंगठा उभा धरला, तर त्याची रुंदी डोळ्याशी साधारण २ अंशांचा कोन करते. आपण ज्याला स्पष्ट दिसणे म्हणतो, ते मुख्यतः एवढ्याच भागापुरते असते. दृष्टिपटलाच्या मध्यभागी असलेल्या पीतबिंदूच्या खळगीत उजेडात रंग आणि तपशील टिपणाऱ्या शंकुपेशी अतिशय दाट असतात आणि तिथून बाहेर सरकताना त्यांची दाटी झपाट्याने उतरते. दोन्ही डोळे मिळून आडवे सुमारे २०० अंशांचे क्षेत्र पाहतात, पण त्यातील बहुतांश भाग अस्पष्ट असतो. डोळा सेकंदाला तीन-चार वेळा झटक्याने हलतो आणि मेंदू त्या तुकड्यांतून एकसंध चित्र असल्याचा समज निर्माण करतो.

डोळे तपासताना ज्याला ६/६ म्हणतात, त्या दृष्टीला १ अंशाचा साठावा भाग, म्हणजे १ कला एवढा तपशील ओळखता येतो. म्हणून दर अंशाला ६० पिक्सेल असले की पिक्सेल वेगवेगळे दिसेनासे होतात, हा नेहमीचा ठोकताळा. टेबलावरच्या २४ इंची फुल एचडी मॉनिटरवर एक पिक्सेल सुमारे ०.२८ मिलिमीटरचा असतो. ६० सेंटिमीटरवरून पाहताना १ अंशात साधारण १०.५ मिलिमीटर मावतात, म्हणजे दर अंशाला ३८ पिक्सेल पडतात. मेटा क्वेस्ट ३ या हेडसेटमध्ये प्रत्येक डोळ्यासाठी २०६४ × २२०८ पिक्सेल आणि ११० अंशांचे आडवे क्षेत्र आहे. सरळ भागाकार केला तर १९ पिक्सेल येतात, तर निर्मात्याने दिलेला आकडा २५ आहे. भिंगामुळे पिक्सेल सगळीकडे सारखे पसरत नाहीत आणि दोन्ही डोळ्यांची क्षेत्रे पूर्णपणे एकमेकांवर पडत नाहीत, हे या फरकाचे कारण. दर अंशाला २५ पिक्सेल म्हणजे एक पिक्सेल २.४ कलांचा. त्यामुळे ६/६ दृष्टीचा माणूसही हेडसेट घातल्यावर साधारण ६/१५ दृष्टीचा होतो. जाहिरातीत फोर-के हा शब्द कितीही ठळक छापलेला असो, कामाला बसण्यापूर्वी आपल्या यंत्राचा दर अंशाचा आकडा कागदावर लिहून ठेवावा. पुढचे निम्मे निर्णय त्यावरच होतात.

उदाहरणार्थ, २ मीटर अंतरावरून दिसणाऱ्या भिंतीचे टेक्स्चर, म्हणजे पृष्ठभागावर चिकटवलेले चित्र, किती बारीक हवे? २ मीटरवर १ अंश म्हणजे साधारण ३५ मिलिमीटर. त्यात २५ पिक्सेल दिसणार असतील, तर भिंतीवरच्या दर १.४ मिलिमीटरला टेक्स्चरचा एक ठिपका पुरतो. त्याहून बारीक टेक्स्चर स्मृती खाईल आणि दिसणार काहीच नाही. उलट मिपमॅप (दूरच्या भागांसाठी आधीच लहान करून ठेवलेल्या टेक्स्चरच्या प्रती) चालू नसतील तर ते डोके हलवताना लुकलुकेल. दातेरी कडांचे हे लुकलुकणे हेडसेटमध्ये मॉनिटरपेक्षा जास्त खुपते, कारण डोके कधीच पूर्ण स्थिर नसते. म्हणून कडा गुळगुळीत करणारे चारपट मल्टिसॅम्पलिंग आधी चालू करावे आणि बाकीच्या सजावटीचा विचार मागाहून करावा.

दुसरी पायरी: चित्रे घेणे आणि उजेडाचा हिशेब

लेण्यांचे त्रिमितीय रूप छायाचित्रांवरून तयार करायचे असेल, तर छायाचित्रांत सावल्या भाजलेल्या, म्हणजे कायमच्या उमटलेल्या, नसाव्यात. नाहीतर दृश्यात आपण सूर्य कुठेही ठेवला तरी भिंतीवर जुनी सावली तशीच राहते आणि पाहणाऱ्याला नेमके कारण न कळता खोटेपणा जाणवतो. येथे नाशिकचे अक्षांश कामी येतात. हे शहर साधारण २० अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरच्या अखेरीस दुपारी सूर्य दक्षिणेकडे क्षितिजापासून सुमारे ४६ ते ४७ अंशांवर असतो, तर २१ जूनच्या सुमारास तो माथ्याच्या किंचित उत्तरेला येतो. लेणी डोंगराच्या उत्तर अंगाला कोरलेली असल्याने हिवाळ्यात दर्शनी भागावर थेट ऊन फारसे येत नाही. आषाढ-श्रावणातले ढगाळ आकाश सावलीच्या दृष्टीने सोयीचे वाटते, पण ओला बेसॉल्ट कोरड्यापेक्षा काळा आणि चकचकीत दिसतो, म्हणून माझ्या मते डिसेंबर-जानेवारीची दुपारच योग्य. ही लेणी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. तिवई किंवा दिवे न्यायचे असतील तर आधी रीतसर परवानगी घ्यावी. प्रत्येक दालनात १८ टक्के प्रकाश परतवणाऱ्या करड्या पट्टीचे एक छायाचित्र काढून ठेवल्यास नंतर रंग जुळवणे सोपे जाते.

आता उजेडाचे आकडे. डोळ्याचा प्रतिसाद सरळ रेषेत चालत नाही. अंधाऱ्या खोलीत एकाची दोन निरांजने झाली तर फरक लगेच कळतो, शंभराची एकशे एक झाली तर कळत नाही. वाढ मूळ प्रमाणाच्या तुलनेत मोजली जाते. चित्रांच्या फाइलीही याच गुणधर्माला धरून काळोख्या छटांना जास्त आकडे देतात. परिणामी एसआरजीबी या नेहमीच्या रंगपद्धतीच्या फाइलीतील ०.५ ही किंमत प्रत्यक्ष प्रकाशाच्या निम्मी नसून सुमारे २१ टक्के असते. प्रकाशाची बेरीज-वजाबाकी मात्र खऱ्या प्रकाशातच व्हायला हवी. म्हणून युनिटीत प्रकल्पाच्या प्लेअर सेटिंग्जमध्ये कलर स्पेस लिनिअर ठेवावी, रंगाची टेक्स्चरे एसआरजीबी म्हणून आणि नॉर्मल मॅप (सपाट पृष्ठभागावर उठावाचा भास आणणारा), रफनेस (खडबडीतपणा) यांसारखी मोजमापाची टेक्स्चरे तशी खूण काढून आत घ्यावीत. एवढ्या एका गोष्टीने दोन दिव्यांचा उजेड जिथे एकत्र येतो तिथला भडकपणा नाहीसा होतो. चमकदारपणाचा अंदाज घेताना लाल, हिरवा आणि निळा यांची सरासरी काढू नये. डोळ्याच्या हिशेबात हिरव्याचा वाटा सुमारे ७२ टक्के, लालचा २१ टक्के आणि निळ्याचा जेमतेम ७ टक्के असतो.

भर दुपारच्या थेट उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश पडतो. लेण्याच्या आतील कोपऱ्यात तो त्याच्या हजाराव्या हिश्शाहूनही कमी असू शकतो. परवडणाऱ्या हेडसेटचा पडदा दर चौरस मीटरला १०० कँडेलाच्या आसपास थांबतो. हे अंतर दाबून बसवण्याच्या क्रियेला टोन मॅपिंग म्हणतात. ब्लेंडरच्या ४.० आवृत्तीपासून एजीएक्स हे रूपांतर आपोआप निवडलेले असते आणि त्यात तेजस्वी रंग टोकाला जाताना फिके होत पांढऱ्याकडे झुकतात, हे छायाचित्राच्या सवयीशी जुळते. इंजिनातही त्याच स्वरूपाची वक्ररेषा निवडावी आणि मुख्य म्हणजे हेडसेट घालूनच ती ठरवावी; मॉनिटरवर जुळवलेली छटा भिंगातून वेगळी दिसते.

उन्हातून आत शिरण्याचा क्षण दृश्याचा गाभा आहे. प्रत्यक्षात शंकुपेशींना काळोखाशी जुळवून घ्यायला सुमारे १० मिनिटे आणि मंद उजेडात काम करणाऱ्या दंडपेशींना अर्धा तास किंवा जास्त लागतो, तर बाहेर आल्यावर उजेडाशी जुळवून घेणे काही सेकंदांत ते मिनिटभरात उरकते. हेडसेटच्या मर्यादित उजेडात खरा डोळा फारसा जुळवून घेतच नाही, म्हणून तो परिणाम ऑटो एक्स्पोजरने, म्हणजे चित्राचा उजळपणा आपोआप बदलून, दाखवावा लागतो. आत जाताना ४ ते ६ सेकंद आणि बाहेर येताना १ सेकंदाच्या आत, एवढे अंतर ठेवले की क्रम ओळखीचा वाटतो. दोन्हीकडे सारखाच वेळ ठेवणारी दृश्ये मी अनेक पाहिली आहेत. त्यांत काहीतरी यांत्रिक वाटते, पण काय ते पाहणाऱ्याला सांगता येत नाही.

काळोख्या भिंतीवर उजेड हळूहळू कमी होत जातो तिथे पायऱ्यांसारखे पट्टे दिसतात. आठ बिटांच्या रंगात काळोख्या छटा मोजक्याच असतात, आणि त्यात डोळा स्वतः भर घालतो: दोन छटांच्या सीमेवर तो उजळ बाजू अधिक उजळ आणि काळी बाजू अधिक काळी करून दाखवतो. एर्न्स्ट माख यांनी १८६५ मध्ये या परिणामाचे वर्णन केले आणि त्यांच्याच नावाने हे पट्टे ओळखले जातात. यावर टेक्स्चर मोठे करून उपयोग होत नाही. शेवटच्या चित्रात एका छटेएवढा बारीक, विखुरलेला गोंगाट मिसळावा. सीमा विस्कटते आणि पट्टा नाहीसा होतो.

संध्याकाळच्या गोदाघाटाचे दृश्य जोडायचे असेल तर आणखी एक नियम पाळावा. उजेड उतरू लागला की दृष्टीचा भार शंकुपेशींकडून दंडपेशींकडे जातो. पहिल्यांची कमाल संवेदनशीलता सुमारे ५५५ नॅनोमीटरला, दुसऱ्यांची सुमारे ५०७ नॅनोमीटरला असते, त्यामुळे तिन्हीसांजेला लाल वस्त्र काळवंडते आणि निळसर वस्तू तुलनेने उजळ राहतात. पुर्किन्ये यांच्या नावाने ओळखला जाणारा हा परिणाम हेडसेटच्या उजेडात आपोआप घडत नाही, तो रंगांमध्ये बदल करून आणावा लागतो. रामकुंडाचे पाणी आणि पायऱ्या यांची लाली कमी करून त्यांना किंचित निळसर करावे, बारीक तपशील थोडा मवाळ करावा. पण दिव्यांच्या जवळचा, मुळात उजळ असलेला भाग उबदारच ठेवावा. संपूर्ण चित्रावर निळा पडदा ओढणे हा सिनेमाचा संकेत झाला, डोळ्याचा नव्हे.

तिसरी पायरी: उठाव, खोली आणि शिलालेख

लेणे क्रमांक ३ मध्ये सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिचा ब्राह्मी लिपीतील प्रसिद्ध प्राकृत शिलालेख आहे. तो तिचा नातू वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या १९ व्या राज्यवर्षातला. अशा कोरीव अक्षरांचे दृश्य करताना मेंदूची एक जुनी सवय आडवी येते. प्रकाश वरून येतो असे मेंदू गृहीत धरतो. ज्या आकाराची वरची कड काळी आणि खालची उजळ, तो त्याला खोलगट वाटतो. उलट असेल तर उठावदार. लेण्याच्या व्हरांड्यात मात्र बाहेरचा उजेड जमिनीवर पडून वर उसळतो, आणि भिंतीवर तो खालून येतो. प्रत्यक्ष उभे असताना दोन्ही डोळे आणि डोक्याची हालचाल यांमुळे गोंधळ होत नाही. त्याच भिंतीचे सपाट छायाचित्र टेक्स्चर म्हणून लावले की कोरलेली अक्षरे बाहेर आल्यासारखी दिसू शकतात.

उपाय कोणता, हे अंतरावर अवलंबून आहे आणि ते गणिताने ठरवता येते. दोन डोळ्यांतील अंतर सरासरी ६३ मिलिमीटर असते. त्यामुळे दोन बिंदूंच्या खोलीतील फरक डोळ्यांना कोनाच्या रूपात कळतो. हा कोन म्हणजे डोळ्यांतील अंतर गुणिले खोलीतील फरक, भागिले अंतराचा वर्ग. वरच्या हिशेबाने आपल्या हेडसेटचा एक पिक्सेल २.४ कला, म्हणजे ०.०००७ रेडियन. तो या सूत्रात ठेवला तर अर्ध्या मीटरवर २.८ मिलिमीटर, १ मीटरवर १.१ सेंटिमीटर, २ मीटरवर ४.४ सेंटिमीटर आणि १० मीटरवर तब्बल १.१ मीटर खोलीचा फरक झाल्यावरच दोन्ही डोळ्यांच्या चित्रांत एका पिक्सेलचा फरक पडतो. कडा गुळगुळीत केलेल्या असतील तर पिक्सेलहून लहान फरकही थोडाफार पोहोचतो, पण नियोजनासाठी हा तक्ता पुरेसा आहे.

यावरून कामाची वाटणी अशी होते. पाहणारा ज्याच्या जवळ तोंड नेऊ शकेल, असे स्तंभ, चौकटी आणि हाताशी येणारी शिल्पे खऱ्या भूमितीत हवीत. तिथे नॉर्मल मॅप सपाट कागदासारखा उघडा पडतो. २ मीटरपलीकडच्या भिंतीवरचे दोन-तीन सेंटिमीटरचे खड्डे नॉर्मल मॅपवर निभावतात. १० मीटरपलीकडची कमान, समोरचे डोंगर आणि खाली पसरलेले शहर यांना तर सपाट चित्रही चालते, कारण तेवढ्या अंतरावर खोली कळते ती एकमेकांना झाकण्यातून, धुरकटपणातून आणि चालताना होणाऱ्या सापेक्ष सरकण्यातून. शिलालेखाची अक्षरे काही मिलिमीटर खोल आहेत असे धरले, तर दीड मीटरवर उभ्या असलेल्या माणसाला दोन डोळ्यांची खोली मदत करणार नाही. तिथे सावलीच सांगणार. म्हणून भिंतीवर वरून, थोडा बाजूने आणि अगदी तिरपा पडणारा एक दिवा ठेवावा आणि शक्य असेल तर तो पाहणाऱ्याच्या हाती द्यावा. दिवा हलवताना सरकणाऱ्या सावल्यांतून अक्षर खोदलेले आहे की उठावाचे, याचा निर्णय मेंदू क्षणात घेतो. अभ्यासकही झिजलेले लेख वाचताना प्रकाशाची दिशा बदलून पाहतात, त्यामुळे ही सोय केवळ देखावा ठरत नाही.

चौथी पायरी: प्रमाण, डोळ्यांतील अंतर आणि फोकस

मापे मीटरमध्ये आणि खरी ठेवावीत. दालनाचा दरवाजा दहा टक्क्यांनी लहान झाला तर मॉनिटरवर कोणाच्या लक्षात येत नाही. हेडसेटमध्ये माणूस नकळत डोके वाकवतो किंवा आपण उंच झालो असे म्हणतो. कॅमेऱ्याची उंची प्रत्येकाच्या डोळ्यांच्या खऱ्या उंचीवरून घ्यावी. दृश्य भव्य दिसावे म्हणून दोन कॅमेऱ्यांतील अंतर कमी-जास्त करण्याचा मोह होतो. पण अंतर वाढवले की डोंगर खेळण्याएवढा आणि कमी केले की खांब अवाढव्य वाटतो. तो मोह टाळावा.

हेडसेटमधील अंतर प्रत्यक्षाहून कमी वाटते, ही गोष्ट अनेक प्रयोगांत दिसून आली आहे. ती तपासण्याचा सोपा मार्ग असा: मोकळ्या सभागृहात ४ मीटरवर एक आभासी स्तंभ दाखवावा, मग पडदा काळा करून त्या जागेपर्यंत चालत जायला सांगावे आणि जमिनीवरचे अंतर टेपने मोजावे. सोबत एक जण हात धरायला असावा. माणसे सारखीच अलीकडे थांबत असतील तर आधी प्रमाण आणि कॅमेऱ्याची उंची तपासावी, मग जमिनीला ओळखीच्या मापाचे तपशील द्यावेत. दगडी फरसबंदीचे सांधे किंवा पायरी यांवरून डोळा अंतर अधिक नीट लावतो.

जवळच्या वस्तूंबाबत एक अडचण सॉफ्टवेअरने सुटत नाही. जवळ पाहताना दोन्ही डोळे आत वळतात आणि त्याच वेळी नेत्रभिंग त्या अंतरावर फोकस करते. या दोन क्रिया आयुष्यभर जोडीने चाललेल्या असतात. हेडसेटमध्ये डोळे वस्तूच्या अंतरानुसार वळतात, फोकस मात्र भिंगाने ठरवलेल्या, साधारण १ ते २ मीटरच्या एकाच अंतरावर अडकलेला असतो. हा विसंवाद थकवा आणतो, हे हॉफमन आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रयोगाने दाखवले. म्हणून ज्याकडे बराच वेळ पाहायचे आहे ते पाऊण मीटरच्या आत ठेवू नये. हातात धरून पाहण्याची मडकी, नाणी अशी वस्तू क्षणभर जवळ आली तर हरकत नाही. हेडसेटवरील, भिंगे डोळ्यांतील अंतराशी जुळवणारे चक्र किंवा खाच प्रत्येक नव्या माणसासाठी बदलावी. एकाच्या मापावर पूर्ण वर्गाला हेडसेट फिरवला तर निम्म्यांची डोकेदुखी दृश्यामुळे नसून त्या चक्रामुळे असते.

पाचवी पायरी: देवनागरी मजकूर

माहितीफलकांच्या अक्षरांचा आकारही कोनातच ठरवावा. रोमन लिपीसाठी एक प्रचलित माप असे: १ मीटरवर अक्षराची पूर्ण उंची २४ मिलिमीटर, २ मीटरवर ४८ मिलिमीटर, याप्रमाणे. हा कोन सुमारे १.४ अंशांचा, म्हणजे आपल्या हेडसेटवर ३४ पिक्सेलचा होतो. देवनागरीत तेवढ्याच उंचीत वरची मात्रा, रफार, अनुस्वार, शिरोरेषा, अक्षराचा देह आणि खालचा उकार एवढे सगळे बसवायचे असते. देहाच्या वाट्याला जेमतेम निम्मे पिक्सेल येतात आणि अनुस्वाराचा ठिपका दोन-तीन पिक्सेलांत संपतो. माझ्या मते मराठी मजकुरासाठी १ मीटरला ३० ते ३२ मिलिमीटर हे किमान माप धरावे, ओळींतील अंतर सैल ठेवावे आणि बारीक-जाड रेषांचा डौलदार टंक टाळून सारख्या जाडीचा टंक घ्यावा. फलक दीड ते दोन मीटरवर, डोळ्यांच्या रेषेच्या थोडा खाली ठेवावा. शुद्ध पांढऱ्यावर काळा मजकूर भिंगात चकाकी आणतो. गडद करड्या पार्श्वभूमीवर मळकट पांढरी अक्षरे बरी.

वाचनाची चाचणी घेताना अर्थावरून अंदाज बांधता येणार नाही असे अक्षरसमूह दाखवावेत: घ आणि ध, भ आणि म, ष्ट आणि ष्ठ, द्ध आणि द्व. पूर्ण वाक्य दिले तर वाचणारा अंदाजाने पुढे जातो आणि फलक चांगला असल्याचा खोटा दाखला मिळतो.

सहावी पायरी: वेळेचा हिशेब

डोके वळवले की कानातील संतुलनेंद्रियाच्या संकेतावरून डोळे सुमारे १० मिलिसेकंदांत उलट दिशेने फिरून नजर स्थिर ठेवतात. पडद्यावरचे चित्र मागे राहिले तर जग डोक्यामागे ओढल्यासारखे हलते. सेकंदाला १०० अंश या साध्याशा वेगाने मान वळवली आणि विलंब ५० मिलिसेकंदांचा असला, तर चित्र ५ अंश चुकते. २० मिलिसेकंदांत ही चूक २ अंशांवर येते, आणि उरलेला भाग यंत्र डोक्याच्या पुढील स्थितीचा अंदाज घेऊन भरून काढते. हालचालीपासून पडद्यावरील प्रकाशापर्यंत २० मिलिसेकंदांची मर्यादा म्हणूनच पाळली जाते.

प्रत्येक फ्रेमसाठी ७२ हर्ट्झला १३.९ आणि ९० हर्ट्झला ११.१ मिलिसेकंद मिळतात. सरासरी चांगली असून अधूनमधून फ्रेम चुकणे हे सतत थोडे कमी वेगाने चालण्यापेक्षा वाईट, म्हणून प्रोफाइलरमध्ये (फ्रेमला लागणारा वेळ मोजणाऱ्या साधनात) सरासरीकडे न पाहता सर्वांत वाईट फ्रेम पाहावी. सावल्या आणि उसळलेला प्रकाश आधीच भाजून, म्हणजे एकदाच मोजून टेक्स्चरमध्ये साठवून, ठेवावा. स्थिर लेण्यात तो दर फ्रेमला मोजण्याची गरज नाही. मग दृष्टीच्या कडेची बचत. मध्यभागापासून दूर तपशील कमी दिसतो, म्हणून फोव्हिएटेड रेंडरिंगमध्ये कडेचे भाग कमी रिझोल्यूशनने काढतात. डोळ्यांचा मागोवा घेणारे यंत्र नसेल तर हा भाग चित्राच्या कडेला स्थिर राहतो, त्यामुळे मध्यम पातळीच्या पुढे जाऊ नये. कडेची दृष्टी तपशिलाला मंद असली तरी लुकलुकीला मात्र जास्त तीक्ष्ण असते. बचतीमुळे कडेला चमचम सुरू झाली तर तीच बचत लक्ष विचलित करते.

सातवी पायरी: फिरण्याची सोय

नाशिकरोड स्थानकात थांबलेल्या गाडीत बसलेले असताना शेजारच्या रुळावरची गाडी सुटली, की क्षणभर आपलीच गाडी निघाल्यासारखे वाटते. कडेच्या दृष्टीत मोठा भाग एकसारखा सरकला की मेंदू स्वतःच्या हालचालीचा निष्कर्ष काढतो. आभासी दृश्यात डोळे हालचाल सांगतात, कानातील संतुलनेंद्रिय मात्र स्थिर असल्याचे सांगते, आणि या तंट्यातून मळमळ उद्भवते. वेग बदलणे स्थिर वेगापेक्षा जास्त त्रास देते, कारण संतुलनेंद्रिय मुळात वेगातील बदलच टिपते.

पांडवलेण्यांच्या पायऱ्या या दृष्टीने सर्वांत अवघड जागा. कंट्रोलरने सरकत जिना चढवला तर पुढे आणि वर अशी दुहेरी खोटी हालचाल होते. तो भाग सरकत नेऊच नये. टप्प्याटप्प्यावर थांबे ठेवून उडीने पुढच्या जागी न्यावे, आणि प्रत्येक उडीत पाव सेकंदाचा काळोख ठेवावा. दालनांच्या आत खऱ्या पावलांनी चालण्याची मुभा द्यावी. वळण्यासाठी ३० किंवा ४५ अंशांचे तुटक टप्पे चालतात. सरकत चालणे ठेवायचेच असेल तर वेग एकदम पूर्ण करावा, हळूहळू वाढवू नये, आणि हालचालीपुरती दृश्याची कड काळी करून क्षेत्र अरुंद करावे. फर्नांडिस आणि फायनर यांनी २०१६ मध्ये दाखवल्याप्रमाणे त्याने अस्वस्थता कमी होते आणि बहुतेकांच्या ते लक्षातही येत नाही. कॅमेरा स्वतःहून हलवणे, चालताना डोके वरखाली झुलवणे हे सगळे वर्ज्य.

पाहणाऱ्याची नजर हवी तिथे नेण्यासाठी बाण आणि चौकटी लागतात असे नाही. लक्ष दुसरीकडे असेल तर समोरचा मोठा बदलही माणसाला दिसत नाही, म्हणून महत्त्वाचे काही घडवायचे असल्यास आधी त्या दिशेने आवाज यावा, मग तिथला उजेड किंचित वाढावा आणि मगच घटना घडावी.

आठवी पायरी: माणसांवर तपासणी

तयार करणारा स्वतः चांगला परीक्षक नसतो. त्याचा डोळा आणि पोट दोन्ही सरावलेले असतात, त्यामुळे कधीही हेडसेट न घातलेली माणसे बोलवावीत: वयस्क, चष्मा वापरणारे आणि बुटक्या उंचीचेही. चष्मा काढायला लावू नये. त्याची चौकट आत बसते का ते पाहावे आणि भिंगाला ओरखडा जाऊ नये म्हणून मधली पट्टी लावावी. लाल-हिरव्याचा भेद न कळणारे पुरुष कोणत्याही मोठ्या गटात असतातच, तेव्हा खुला मार्ग हिरवा आणि बंद मार्ग लाल एवढ्यावर न थांबता आकार किंवा खूणही वेगळी ठेवावी.

अस्वस्थता मोजण्यासाठी केनेडी आणि सहकाऱ्यांची १९९३ ची १६ लक्षणांची प्रश्नावली अजूनही वापरात आहे. मळमळ, डोळ्यांचा ताण आणि भोवळ असे तिचे तीन गट पडतात. ती मराठीत सोप्या शब्दांत करून हेडसेट घालण्यापूर्वी आणि काढल्यानंतर, अशी दोनदा भरून घ्यावी. ऊन खात, रिक्षातून आलेल्या माणसाचे डोके आधीच दुखत असू शकते आणि पहिली नोंद नसेल तर तो दोष दृश्याच्या माथी बसतो. पहिले सत्र १० मिनिटांच्या आत संपवावे. एका फेरीत एकच गोष्ट बदलावी, म्हणजे उजेडाची वक्ररेषा आणि फिरण्याची पद्धत एकाच वेळी बदलून कशाचा परिणाम झाला याचा घोळ होत नाही. डोळ्यांचा ताण वाढलेला दिसला तर प्रथम डोळ्यांतील अंतराचे चक्र, मग जवळच्या वस्तू आणि मजकुराचा आकार तपासावा. मळमळ वाढली तर वाईट फ्रेम आणि सरकती हालचाल. भोवळ वाढली तर उड्यांनंतर माणसाचे तोंड अनपेक्षित दिशेला वळते का ते पाहावे. सत्र संपल्यावर माणसाला काही मिनिटे खुर्चीवर बसवून ठेवावे आणि लगेच दुचाकी चालवत घरी जाऊ देऊ नये.